‘ताई, इथं राहून बघ’

पत्राचा सारांश (पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव, गाव आणि देश वगळले आहेत):

वय सेहेचाळीस. एकोणीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी परदेशात आले आणि इथंच संसार थाटला. आमच्या गावची साठएक माणसं निरनिराळ्या देशांत विखुरली आहेत. त्यांनी मिळून मंडळ काढलं, मी त्याची खजिनदार. गावातल्या काही जणांना घेऊन एक व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्ही गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका बांधून दिली. आता तिथं कॉम्प्युटर बसवायचे असं मंडळानं ठरवलं, तर गावातले म्हणाले, आधी शाळेचं गळकं छप्पर करा. वाद वाढला. मी लिहिलं, पैसे ज्यासाठी जमवलेत त्यासाठीच वापरायला हवेत. त्यावर धाकट्या भावानं सगळ्यांदेखत उत्तर दिलं, ‘ताई, पैसे पाठवणं सोपं असतं. इथं राहून बघ.’ त्याच रात्री मी ग्रुपमधून लेफ्ट झाले. फोन ड्रॉवरमध्ये टाकला, दहा मिनिटांनी काढून पाहिला. पंधरा दिवस झाले, भावाशी बोलणं बंद आहे. सतरा वर्षांची मुलगी मंडळाच्या स्नेहसंमेलनाला येत नाही. ‘ते तुझं गाव आहे, माझं नाही’ म्हणते, आणि अभ्यास सोडून रात्र रात्र मामेभावाशी ऑनलाइन गेम खेळत बसते. मी तिथली उरले नाही आणि इथली झाले नाही. सगळे धागे तोडून इथं मन रमवावं, की उरलेली वर्षं गावी जाऊन काढावीत?

उत्तर:

दहा मिनिटांनी तुम्ही फोन परत बाहेर काढलात. पत्रात ही गोष्ट तुम्ही अर्ध्या ओळीत उरकली आहे, पण मी तिथंच थांबले. ज्याला खरोखर धागा तोडायचा असतो तो फोन परत उघडून बघत नाही. कुणीतरी ‘ताई, का गेलीस?’ असं विचारलंय का, हे तुम्ही पाहत होतात. तेव्हा तोडावं की नाही या प्रश्नाचं उत्तर तुम्ही त्याच रात्री देऊन टाकलंय, असं धरून मी पुढे लिहिते.

आधी ते ‘तिथली की इथली’. हा प्रश्न तुम्हाला इतका छळतो, कारण माणूस एका वेळी एकाच जागचा असतो हे तुम्ही मुळात गृहीत धरलंय. पूर्वी अभ्यासकही असंच मानत. माणूस देश सोडतो, नव्या देशात रुजतो, दोन पिढ्यांत जुना देश विसरतो, असा सरळ हिशेब असे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या हैतीच्या, पूर्व कॅरिबियन बेटांवरच्या आणि फिलिपिन्सच्या लोकांचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांनी दाखवलं की तो हिशेब जुळत नाही. ही माणसं इकडे नोकरी करत, तिकडे घर बांधत, इकडच्या निवडणुकीत भाग घेत आणि तिकडच्या लग्नांचे निर्णयही घेत. त्यांचं आयुष्य दोन देशांवर पसरलेलं एकच आयुष्य होतं. हे विमान आणि इंटरनेट आल्यावर सुरू झालं असंही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेला गेलेल्या इटालियन लोकांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं परत फिरली होती, तीही आगबोटीनं.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणाऱ्यांची संख्या ३० कोटी ४० लाखांच्या घरात होती. त्यांच्या मागे असलेली घरं धरली तर आकडा कुठच्या कुठे जाईल. तेव्हा दोन्हीकडे अर्धवट असल्याची जी भावना तुम्ही लिहिली आहे, तो तुमच्या स्वभावातला दोष नाही.

पण एवढ्यावर तुमचं समाधान व्हावं असं मला वाटत नाही. ‘मी दोन्हीकडची’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. दोन्हीकडची असलात तरी दोन्हीकडे तुमचा अधिकार सारखा नाही, आणि भावाच्या वाक्याचं मूळ तिथं आहे.

तुमचं दुसरं गृहीतक मला पत्रभर जाणवत राहिलं. गाव जसं होतं तसं तिथंच आहे आणि तुम्ही त्याला लांबून मदत करताय, असं तुम्ही धरून चालता. प्रत्यक्षात या एकोणीस वर्षांत तुम्ही, तुमच्या मंडळानं गाव बदललंय. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बानी शहराजवळच्या एका गावाचं उदाहरण या विषयात नेहमी दिलं जातं. तिथल्या जवळपास दोन तृतीयांश घरांतलं कुणी ना कुणी बॉस्टन परिसरात होतं. समाजशास्त्रज्ञ पेगी लेविट यांनी त्या गावाचा आणि बॉस्टनमधल्या वस्तीचा अभ्यास केला. गेलेल्या माणसांकडून गावात पैसा येतोच, पण त्याबरोबर काय बरं, काय वाईट याच्या कल्पना येतात, घरात कुणी कुणाचं ऐकावं याची नवी रीत येते, सरकारकडून काय मागावं याच्या अपेक्षा येतात. याला त्यांनी १९९८ मध्ये ‘सामाजिक रेमिटन्स’ म्हटलं, म्हणजे घरी पाठवलेली सामाजिक शिदोरी. तुमच्या अभ्यासिकेबरोबरही असं बरंच काही गेलं असणार. एकांतात बसून अभ्यास करणं चांगलं, कॉम्प्युटरशिवाय शिक्षण अपुरं, ही मतं विटांबरोबरच पोचली.

आणि आणखी एक गोष्ट पोचली, ती म्हणजे वजन. गावात आता दोन प्रकारची घरं आहेत, परदेशात माणूस असलेली आणि नसलेली. तुमच्या ग्रुपमध्ये गावातले ‘काही जण’ आहेत असं तुम्ही लिहिलंय. ते कोण? नावं काढून बघा. त्यातले किती जण मंडळातल्या कुणाचे तरी भाऊ, मेहुणे, वर्गमित्र आहेत? परदेशात ज्यांचं कुणीच नाही अशा घरातलं एक तरी माणूस त्यात आहे का? ऑनलाइन बैठक कुठल्या वेळी होते, तेही पाहा. मला आलेल्या अशा कित्येक पत्रांत बैठक परदेशातल्या लोकांच्या रविवार सकाळी असते. तेव्हा गावात रात्र असते, स्वयंपाकघर आवरायचं असतं, आणि बायका बैठकीला नसतात. मग त्यांचं मत विचारात न घेता त्यांच्याच मुलांच्या सोयी ठरतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. घड्याळ कुणाचं धरायचं, एवढंच कुणी विचारलेलं नसतं.

मेक्सिकोत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. झाकातेकास राज्यातून अमेरिकेत गेलेल्या लोकांची अशीच गाववार मंडळं होती. तिथल्या अनुभवावरून सरकारनं २००२ पासून देशभर योजना राबवली. मंडळानं एक डॉलर दिला की केंद्र, राज्य आणि स्थानिक सरकारनं प्रत्येकी एक घालायचा. त्यातून रस्ते झाले, पाणी आलं, शाळा उभ्या राहिल्या. पण सरकारी पैसा मंडळाच्या पैशामागे जाऊ लागल्यावर ज्या गावांचं परदेशात मंडळच नव्हतं ती गावं मागे पडली, आणि त्यांत खूप गरीब गावंही होती. गावाला काय हवं हे लांब गेलेल्यांच्या पसंतीनं ठरू लागलं, की चांगल्या हेतूनं दिलेला पैसाही रांग मोडतो.

आता तुमच्या भावाकडे येते. त्याचं वाक्य तुम्हाला पैशाचा अपमान वाटलं. मला ते थकलेल्या माणसाचं वाक्य वाटतं. अभ्यासिकेची किल्ली कुणाकडे असते? दिवा गेला, नळ तुटला, दोन पोरांचं भांडण झालं, तर लोक कुणाच्या दारात येतात? तुम्ही लिहिलेलं नाही, पण खजिनदाराचा भाऊ गावात असताना लोक दुसऱ्या कुणाकडे जातील असं वाटत नाही. तुमच्यामुळे त्याच्याकडे एक बिनपगारी काम आलं. पावसात शाळेत पाणी गळताना आया त्यालाच विचारणार, ‘तुमच्या मंडळाचे पैसे आहेत ना?’ आणि त्याचं उत्तर मात्र तुमच्या ठरावावर अवलंबून. आपल्याकडे परदेशी गेलेल्याच्या कष्टाबद्दल खूप बोललं जातं. राहणाऱ्याबद्दल आपण ‘तो मागे राहिला’ म्हणतो, जणू त्यानं काही केलंच नाही. आईवडिलांची आजारपणं, जमिनीचे कागद, लग्नकार्यं, मयती, या सगळ्याला हजर राहणं हे काम आहे आणि त्यानं ते एकोणीस वर्षं केलंय.

राजकीय विचारवंत बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९९२ मध्ये ‘दूरस्थ राष्ट्रवाद’ अशी कल्पना मांडली होती. परदेशात बसून मायदेशाच्या राजकारणात जोरानं उतरणारा माणूस तिथं कर भरत नाही, तिथल्या न्यायालयाला उत्तर देत नाही, त्याच्या कृतीची झळ त्याला बसत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. तो धोका देशापुरता नाही. छपराऐवजी कॉम्प्युटर असा निर्णय चुकला, तर तुमच्या घरात पाणी गळणार नाही. म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. ज्याला निर्णयाची फळं रोज भोगायची आहेत, शेवटचा शब्द त्याचा असावा. पैसे कुणी दिले हा त्यानंतरचा प्रश्न. ‘ज्यासाठी जमवले त्यासाठीच’ हे तुमचं म्हणणं हिशेबाच्या दृष्टीनं चोख आहे, खजिनदारानं असंच म्हणायला हवं. पण कशासाठी जमवायचे हे ठरलं तेव्हा गावाला विचारलं होतं का, हा प्रश्न त्याच्या आधी येतो.

इथं एक मोठा अपवाद आहे. गावातल्यांचं म्हणणं नेहमीच न्यायाचं असतं असं मी मानत नाही. ‘गाव म्हणतं’ म्हणजे पुष्कळदा चार घरं म्हणतात. गावात ज्यांना बोलायची मुभा नसते, त्यांना कधी कधी पहिला आवाज लांबूनच मिळतो. तुर्कस्तानातल्या अलेवी या अल्पसंख्य समाजाचं तसं झालं. त्यांतले कित्येक जण मायदेशी आपली ओळख लपवून राहत. १९६१ च्या तुर्कस्तान-जर्मनी करारानंतर कामगार म्हणून जी माणसं जर्मनीला गेली, त्यांत अलेवीही होते. १९८९ मध्ये हॅम्बुर्गमधल्या अलेवींनी जाहीरनामा काढून आपल्या ओळखीला उघड मान्यता मागितली, आणि ती हाक तुर्कस्तानातही पोचली. तेव्हा उद्या अभ्यासिकेत मुलींना मज्जाव झाला, किंवा ठरावीक घरांतल्या पोरांना दार बंद झालं, तर ‘मी तिथं राहत नाही’ म्हणून गप्प बसू नका. पैसे थांबवा आणि का थांबवले ते सगळ्यांसमोर सांगा. छप्पर की कॉम्प्युटर हा मात्र त्या जातीचा वाद नाही.

फोनबद्दलही लिहायला हवं, कारण तुमचं भांडण फोनवर झालं. माझा थोरला भाऊ परदेशात असतो. आई व्हिडिओ कॉलवरही फोन सवयीनं कानाला लावायची. अर्धा-अर्धा तास भावाला पडद्यावर तिचा कान आणि पांढरे केस दिसत. तो कधी तिला फोन समोर धर म्हणाला नाही. कॉल संपल्यावर त्याला वाटायचं, आईला भेटलो. आई मात्र फोन ठेवून म्हणायची, ‘कधी येतोय ते काही बोलला नाही.’ ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या फिलिपिनो माता आणि त्यांची मायदेशी वाढलेली मुलं यांच्यावर झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं. फोन आणि इंटरनेटमुळे आपण पुन्हा आई झालो असं त्या मातांना वाटत होतं, पण मुलांचं एकमत नव्हतं. काहींना आधार वाटे, काहींना पाळत. दूरच्याला ज्यानं दिलासा मिळतो त्यानंच जवळच्याचं समाधान होतं असं नाही. तुम्हाला ग्रुप म्हणजे गाव वाटत होता. भावासाठी तो दिवसाच्या कामांत भर घालणारा आणखी एक आवाज असेल.

परत जाण्याचा विचार तुम्ही गंभीरपणे करत असाल तर जरूर करा, पण भावाच्या वाक्याला उत्तर म्हणून करू नका. ‘राहून दाखवते’ म्हणून गेलेलं माणूस तिथं आनंदानं राहत नाही. आधी एकदा सलग दोन-तीन महिने जाऊन राहा, सुट्टीवर आल्यासारखं नाही, आणि मंडळाचं कुठलंही काम न घेता. गावाला आज तुमची कुठली गरज आहे आणि तुम्हाला गावाची कुठली, हे त्यात कळेल. जुनं गाव भेटणार नाही, ते मनाशी धरूनच निघा.

तोडणं हा पर्याय मी बाजूला ठेवते. तो काही जणांना खरंच गरजेचा असतो. ज्यांचा मायदेशी छळ झाला, ज्यांच्याकडून नात्याच्या नावानं फक्त पैसे उकळले जातात, त्यांनी खुशाल तोडावं. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

मंडळासाठी एवढं सुचवेन. या खेपेचे पैसे छपराला द्या आणि त्यावर मंडळाच्या नावाची पाटी लावू नका. पुढे दरवर्षी काय करायचं हे गावात बसून ठरू द्या. त्या बैठकीत परदेशात कुणी नसलेल्या घरांची माणसं असलीच पाहिजेत, बायका असल्याच पाहिजेत, आणि वेळ गावाच्या सोयीची असावी. तुम्ही पहाटे उठून बसा. मंडळानं अटी दोनच ठेवाव्यात. हिशेब दोन्ही बाजूंनी उघडा असावा, म्हणजे मंडळानंही आपला जमाखर्च गावाला दाखवावा, आणि जे होईल ते सगळ्यांसाठी खुलं असावं. नवीन बांधण्यापेक्षा आधी बांधलेलं चालवायला पैसे बाजूला काढा. देखभालीला वर्गणी मिळत नाही, कारण तिचा फोटो निघत नाही, पण बांधलेल्या वास्तू बंद पडतात त्या तिच्याच अभावी. आणि किल्ली सांभाळणाऱ्याला मानधन द्या.

तुमच्या मुलीवर रागावू नका, असं मी हात जोडून सांगते. ‘ते तुझं गाव आहे, माझं नाही’ हे तिचं म्हणणं खरं आहे. तुमच्या आठवणी तिला वारशानं मिळणार नाहीत, आणि वर्षातून एकदा हॉलमध्ये जमणाऱ्या अनोळखी काकामावश्यांकडून तर नाहीच. पण तुमच्याच पत्रात ती रात्री मामेभावाशी खेळत बसते. ही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत! मोठ्यांचं पंधरा दिवस बोलणं बंद असताना त्या दोन घरांत रोज बोलणं चालू आहे, आणि ते ही मुलं करताहेत. कुठल्या भाषेत बोलतात, एकदा कान देऊन ऐका. दोन भाषांची सरमिसळ असेल, थोडी गेमची बोली असेल. ती दोघं आपलं नातं स्वतः घडवताहेत, त्यात गाव एका घरापुरतं, एका मुलापुरतं आहे. माझ्या मते ते मंडळाच्या सभासदत्वापेक्षा जास्त टिकेल. अभ्यासाची वेळ जरूर पाळायला लावा, पण तो खेळ बंद करू नका.

एक गोष्ट मात्र मला खटकली. चार पानांच्या पत्रात, जिथं एकोणीस वर्षं राहताय तिथल्या एकाही माणसाचा उल्लेख नाही. शेजारी नाही, सहकारी नाही, मुलीच्या मैत्रिणीची आई नाही. गावाची ओढ तुम्हाला इथलं होऊ देत नाही, असं तुम्ही म्हणता. पण अमेरिकेतल्या कोलंबिया, डॉमिनिकन रिपब्लिक आणि एल साल्वाडोरच्या लोकांवर झालेला, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. मायदेशाच्या सार्वजनिक कामात जास्त भाग घेणारी माणसं बहुधा परदेशात जास्त वर्षं राहिलेली, जास्त शिकलेली होती. म्हणजे एकीकडे पाय रोवल्यानं दुसरीकडचा निसटतो असं नाही. तुमच्या राहत्या गल्लीतही कुठली तरी शाळा, वाचनालय, पालकांची सभा असेल. तिथं तुमच्या खजिनदारीचा उपयोग होईल, आणि तिथल्या निर्णयाची फळं तुम्हाला स्वतःला भोगायची असल्यामुळे ठणकावून बोलण्याचा पुरेपूर अधिकारही तुमचा आहे. गावात जो शब्द तुम्ही मागताय, तो इथं तुमची वाट पाहतोय.

आता भाऊ. मेसेज करू नका, फोन करा, आणि त्याच्या घड्याळाप्रमाणे तो निवांत असेल तेव्हा करा. छप्पर, कॉम्प्युटर, मंडळ यांतलं काही काढू नका. ‘अभ्यासिकेचं सगळं तुझ्यावर पडतं ना रे? मी कधी विचारलं नाही’ एवढं म्हणा आणि थांबा. तो बराच वेळ बोलेल, त्यात तुम्हाला लागेल असंही बोलेल, मध्ये तोडू नका. पहिल्याच फोनवर नीट बोलला नाही तर आठवड्यानं पुन्हा करा. ग्रुपमध्ये परत यायचं असेल तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांना सांगू नका, त्याला सांगा, ‘मला ॲड कर.’ त्यानं लगेच नाही केलं तरी घाई करू नका. तोवर तुमची मुलगी आणि तुमचा भाचा रोज रात्री बोलत आहेतच.